लेकरे कोणत्या शाळेत घालायची?



आष्टीच्या मागच्या बैठकीत विषय होता कापूस खरेदी केंद्राचा. तो उरकला, चहा आला आणि एका कार्यकर्त्याने खिशातून कागद काढला. 'जिल्हा परिषदेच्या शाळा वाचल्याच पाहिजेत' असा ठराव त्याने लिहून आणला होता. कोणाचा विरोध असायचे कारणच नव्हते. माना डोलल्या. ठराव मंजूर म्हणून लिहायचा, एवढ्यात मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "भाऊ, ठराव मांडा खुशाल. पण इथं बसल्याल्यांतल्या कितींची लेकरं झेडपीच्या शाळंत हायेत? हात वर करा बरं."

एकवीस माणसांत सहा हात वर झाले. त्यातले दोन बाईंचे आणि त्यांच्या जावेचे. ठराव मांडणाऱ्याचा हात खालीच होता.

ठराव राहिला. ज्यांचे हात खाली राहिले त्या आम्हा मंडळींनी पुढे चार-सहा वेळा बसून या प्रश्नाचा काथ्याकूट केला. त्यातून निघाले ते जिल्हा बैठकीपुढे ठेवतो आहोत. आमचे सगळे एकमत झाले असे समजू नका.

आधी आमची बाजू सांगतो, कारण आम्ही काही हौसेने पैसे उधळणारी माणसे नाही. आमच्या गावच्या शाळेत पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि दोन गुरुजी. त्यातले एक केंद्रावर मिटिंगला, नाहीतर मतदारयादीच्या कामाला, नाहीतर कुठल्यातरी ऑनलाइन माहितीच्या मागे. राहिले एक. एक गुरुजी चार वर्ग एका वेळी शिकवतात म्हणजे तीन वर्ग गप्प बसवतात. आम्ही चौथीतल्या पोराच्या हातात पेपर दिला. त्याला जोडाक्षर आले की ते आमच्या तोंडाकडे बघायचे. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने पोराचा दाखला काढला आणि त्याला पिवळ्या गाडीत बसवले. त्याला दोष कोणी द्यावा?

दुसरे कारण इंग्रजीचे. ते आम्ही लपवत नाही. आपण हायब्रीडच्या पिशवीवरचे, औषधाच्या बाटलीवरचे वाचायला दुकानदाराकडे गेलेली माणसे. पोराने तरी कोणाकडे जाऊ नये असे वाटते. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. मोठा निर्णय होता, शहरातल्या शहाण्यांनी त्याला नावे ठेवली तरी खेड्यातल्या बापांना तो पटला होता. पण पुस्तक आले म्हणून विषय आला असे होत नाही. शिकवणाऱ्याचीच जीभ इंग्रजीला वळत नसेल तर लेकराची कशी वळणार?

तिसरे कारण कोणी बैठकीत बोलत नाही, पण ओट्यावर बोलतात. पोरगं टाय लावून गाडीची वाट बघत उभे राहिले की बापाची मान जरा वर होते. सोयरिकीला आलेले पाहुणे विचारतात, "लेकरं कुठं शिकत्यात?" त्याला द्यायला उत्तर लागते. काही घरे तर याहून पुढे गेली. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, खोली करायची, बाईने लेकरांना घेऊन तिथे राहायचे आणि बाप्याने इकडे शेत आणि जनावरे सांभाळत हाताने भाकरी थापायच्या. २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली. ती आपल्या मालापेक्षा आपल्या लेकरांच्या दप्तरांच्याच जास्त उपयोगी पडेल की काय, असे कधीकधी वाटते.

आता हिशोब. आपण शेतीमालाच्या उत्पादनखर्चाचा हिशोब सरकारला मागतो, मग शाळेचाही मांडून बघू. फी गावागणिक वेगळी, म्हणून आम्ही एक आकडा नुसता धरून चाललो. फी, गाडीभाडे, गणवेशाचे दोन जोड, बूट, शाळेतूनच घ्यायची पुस्तके-वह्या आणि स्नेहसंमेलनाचे पैसे धरून एका लेकराला वर्षाला पंचवीस हजार. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. पण आपला कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर ओला, पिवळा, कवडीचा ठरतो. म्हणून हातात येणारा भाव सात हजार धरू. म्हणजे एका लेकराला साडेतीन क्विंटलपेक्षा जास्त कापूस. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल आला तर आपण बरे वर्ष म्हणतो. म्हणजे जवळजवळ एका एकराचे सगळे पीक झाले. आणि ते पीक फुकट आलेले नसते. बियाणे, खत, फवारणी, वेचणी वजा करून एकरी आठ-दहा हजार हातात राहिले असे धरले, तर एका लेकरासाठी अडीच-तीन एकर राबायचे. दोन लेकरांना पाच-सहा एकर. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीचा त्याच हंगामाचा हमीभाव ३,६९९ रुपये. भाव पुरा मिळाला तरी एका लेकरापायी पावणेसात क्विंटल. खाणाऱ्या घराची वर्षाची ज्वारी शाळेच्या ऑफिसात गेली.

हा हिशोब मांडल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "मग कर्ज कशाचं झालं ते आज कळलं." सोसायटीचे पीककर्ज जूनमध्ये निघते आणि शाळेची फीही जूनमध्येच भरायची असते. कोणत्या खिशातून कोणत्या खिशात गेले ते तुम्हीच आठवा. आपल्या कर्जाची कारणे सांगताना आपण लग्न सांगतो, दवाखाना सांगतो. शाळा सांगत नाही, कारण ती आपणच डोळे उघडे ठेवून पत्करलेली असते.

बरे, एवढे मोजून पदरात काय पडले? वजन केल्याशिवाय माल घेणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही, पण आम्ही मात्र घेत होतो. म्हणून एका रविवारी आम्ही आमचीच लेकरे बसवली. पिवळ्या गाडीतली आणि झेडपीची, दुसरी ते सहावीतली. परीक्षा साधी. मराठी पेपरातल्या चार ओळी वाचायच्या, इंग्रजी पुस्तकातल्या चार ओळी वाचून अर्थ सांगायचा आणि एक हिशोब: बावीस किलो वेचणी, किलोला दहा रुपये, उचल पन्नास, हातात किती?

काय निघाले ते जसेच्या तसे सांगतो. पिवळ्या गाडीतली लेकरे उभी राहून धीटपणे बोलली. कविता म्हटल्या, अवयवांची इंग्रजी नावे फडाफडा सांगितली. पुस्तकातल्या इंग्रजी ओळीही वाचल्या. अर्थ विचारला की गप्प. मराठी पेपर वाचताना त्यातली निम्मी अडखळली. हिशोब तोंडी एकाला आला, तो किराणा दुकानदाराचा. झेडपीच्या लेकरांपैकी दोघांनी मराठी चांगले वाचले आणि हिशोब मांडून दाखवला, इंग्रजी मात्र अक्षर लावत वाचले. आणि पाचवीतल्या एका मुलीला मराठीची सरळ ओळही वाचता आली नाही. पाच वर्षे शाळेत गेलेली मुलगी. तिची आई तिथेच बसलेली होती. त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघवेना.

म्हणजे दोन्हीकडे फसवणूक आहे. तिथे ती फुकट होते, इथे पैसे मोजून.

आमची दहा-बारा लेकरे म्हणजे काही देश नाही. पण देशभराच्या खेड्यांतली पाहणी 'असर' नावाने होते. तीही फार वेगळे सांगत नाही. पाचवीतल्या शंभर मुलांत दुसरीचे पुस्तक वाचता येणारी २०१८ साली साधारण पन्नास होती, करोनानंतर २०२२ साली त्रेचाळीस, २०२४ साली एकोणपन्नासच्या आसपास. या बेरजेत सरकारी, खाजगी सगळी धरलेली आहेत. खाजगी शाळांतली मुले त्यात पुढे दिसतात हे खरे. पण ज्या घरात फी भरायची ऐपत आहे, आईबाप शिकलेले आहेत, शिकवणी लावता येते, त्या घरची लेकरे कुठेही थोडी पुढेच असणार. भारी रानात चांगले पीक आले त्याचे श्रेय बियाण्याला किती आणि रानाला किती, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवायला नको.

ते वेगळे काढून बघायचा एकच मार्ग. सारखेच रान घ्यायचे आणि अर्ध्यात हे बी, अर्ध्यात ते बी पेरायचे. शिक्षणात असा प्रयोग तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या अखंड आंध्र प्रदेशात झाला आहे. २००८ पासून चार वर्षे, पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या आईबापांनी अर्ज केले त्यांच्यात चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली त्यांची खाजगी शाळेची फी प्रयोगातून भरली, बाकीची राहिली तिथेच. चार वर्षांनी मोजले तर तेलुगू आणि गणितात दोघे सारखेच निघाले. इंग्रजीतही म्हणण्यासारखा फरक नाही. हिंदीत खाजगीवाले पुढे, कारण सरकारी शाळेत हिंदी शिकवतच नव्हते. हे वाचून सरकारी मास्तरांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण याच प्रयोगात दुसरेही निघाले. खाजगी शाळेचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. कमी पगाराच्या शिक्षकांनी, कमी पैशात, तेवढेच शिकवले. म्हणजे सरकारी शाळेत जाणारा आपलाच पैसा कुठेतरी झिरपतो आहे.

मग फरक पडतो कशाने? आपल्याला लांब जायला नको. शेजारच्या पाटोदा तालुक्यात जरेवाडीची शाळा आहे. जिल्हा परिषदेचीच. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे गाव, आपल्यासारखीच बरड जमीन. त्या शाळेचे नाव राज्यभर झाले आणि आसपासच्या गावांतून लेकरे तिथे यायला लागली. साताऱ्याकडे कुमठे बीट नावाच्या भागातल्या साध्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी फरशीवर, भिंतीवर, बिया-खडे-काड्यांवर लेकरांना शिकवून दाखवले. ते बघायला राज्यातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. २०१५ साली सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' काढला तोही याच सुमाराला. खाते तेच, पगार तोच, पुस्तक तेच. वेगळे एवढेच की तिथले गुरुजी जागेवर होते आणि गाव त्यांच्या पाठीशी उभे होते.

इथे चळवळीतले जुने जाणते आम्हाला अडवतील. म्हणतील, आपण आयुष्यभर सांगत आलो की सरकारने आमच्या मानेवरून उतरावे, आणि आता तुम्ही सरकारची शाळा मागता? प्रश्न बरोबर आहे. त्यावर आमच्यात दोन बैठका मोडल्या.

आमचे उत्तर असे. पहिली गोष्ट, शाळा ही भीक नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. म्हणून बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे धडे द्या, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या आणि त्यांना नीट पगार द्या, असे त्यांचे मागणे होते. दीडशे वर्षे होत आली, यातले किती झाले ते मोजा. आपण आजही काडीपेटीपासून कीटकनाशकापर्यंत कर भरतो. तो आपलाच पैसा आहे.

दुसरी गोष्ट, 'खाजगी' म्हणून जे आपल्या दारात आले ते काही सगळे मोकळ्या बाजारातून आलेले नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तीही खाजगीच. पण ती लोकांच्या मूठमूठ धान्यावर आणि पोरांच्या कष्टावर उभी राहिली. पुढे मात्र शाळेची परवानगी आणि अनुदान ही पुढाऱ्याच्या हातची वस्तू झाली. ज्याच्याकडे कारखाना त्याच्याकडे संस्था, ज्याच्याकडे संस्था त्याच्याकडे शिक्षक नेमायचा अधिकार. त्या नेमणुकांना काय 'डोनेशन' लागते ते बीएड, डीएड होऊन घरी बसलेल्या पोरांना विचारा. पगार सरकारने द्यायचा, नेमणूक संस्थेने विकायची. याला बाजार म्हणत नाहीत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर विनाअनुदानाच्या शाळा भराभर निघाल्या. निदान त्या उघड आहेत: पैसे द्या, शिकवतो. पण तिथली बारावी झालेली, तुटपुंज्या पगारावरची ताई दिवाळीनंतर टिकेल की नाही याचा भरवसा नाही.

तिसरी गोष्ट आमच्या लेखी सर्वात मोठी. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, ती तुमच्यातल्या पिकल्या केसांना आठवत असेल. एकच घेणारा, तो म्हणेल ती प्रत, तो देईल तेव्हा पैसे. शेजारच्या राज्यात भाव असला तरी नाक्यावर गाडी अडवायची. आपण त्याविरुद्ध भांडलो ते घेणारा सरकार होता एवढ्यासाठीच नाही. घेणारा एकच होता म्हणून भांडलो. शाळेतही तेच. एकेकाळी गावात फक्त झेडपी, म्हणून गुरुजी आले काय न आले काय, पोरे जातील कुठे? तो सरकारी एकाधिकार. उद्या झेडपीची शाळा पटाअभावी बंद पडली तर? पिवळ्या गाडीशिवाय काही उरणार नाही. मग फी किती वाढवायची हे ठरवणारा तो एकटा. बाजारात दोन काटे असले तर मापात घट मारताना व्यापारी दोनदा विचार करतो. आमच्यातल्या ज्यांची लेकरे खाजगी शाळेत आहेत त्यांनाही गावची शाळा चालू राहायला हवी आहे ती यासाठी. यात उदारपणा काही नाही.

आणि ती बंद पडण्याचा धोका नुसता बोलण्यापुरता नाही. २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद केली. राज्यात १४,७८३ शाळा निघाल्या, त्यात सुमारे १ लाख ८५ हजार मुले. या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायच्या, असा विचार पुढे आला. सरकारचे म्हणणे, मोठी शाळा म्हणजे जास्त शिक्षक, मैदान, प्रयोगशाळा. म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आठ लेकरांची शाळा ही लेकरांवरही अन्यायच. पण आपल्या तालुक्यातल्या वस्त्या बघा. डोंगराच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडे. सहा वर्षांच्या मुलीने समूह शाळेला कशाने जायचे? गाडी देऊ म्हणतात. खरेदी केंद्रावर चुकाऱ्याच्या तारखाही देतात.

इथेच मुलींचा विषय निघतो आणि तो आमच्या तोंडाला कडू आहे. आमच्या हात खाली राहिलेल्या पंधरा घरांपैकी सहा घरांत मुलगा पिवळ्या गाडीत आणि त्याची सख्खी बहीण गावच्या शाळेत आहे. कारण विचारले की सांगतात, "दोघांची फी झेपत नाही." मग एकाची कोणाची भरायची, हे ठरवताना चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. गावची शाळा बंद झाली तर सर्वात आधी घरी बसेल ती हीच. आपापल्या गावचा हजेरीपट काढून बघा.

दुसरे घरी बसणार नाहीत, पण शाळेतही राहणार नाहीत, ते कोयत्यावर जाणाऱ्यांचे लेकरू. आपल्यातलेच आहेत ते. दोन-तीन एकर कोरडवाहू, मुकादमाची उचल घेतलेली, दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत. शाळा जूनला भरते आणि एप्रिलला संपते. कारखाना नेमका मधल्या महिन्यांत चालतो. पिवळ्या गाडीच्या शाळेला या लेकराशी काही देणेघेणे नाही. वर्षाची फी भरा आणि कुठेही जा. त्यांच्यासाठी जे काही आहे ते सरकारी शाळेच्या आधारानेच: गावात शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचे हंगामी वसतिगृह, नाहीतर कारखान्यावरची साखरशाळा. ते नीट चालते असे आम्ही म्हणत नाही. कुठे जेवण कागदावर, कुठे लेकरेच कागदावर. पण आजीजवळ राहून दोन वेळचे जेवून ज्या लेकराची शाळा टिकली, अशी लेकरेही आम्ही आमच्या गावांत पाहिली आहेत. शाळा गेली तर वसतिगृह कोणत्या भिंतीला टेकवणार?

मग एक वाट काही जण सुचवतात. शाळेला पैसे देऊ नका, आईबापाच्या हातात द्या, ते त्यांना पटेल त्या शाळेला देतील. आमच्यातल्या तरुणांना हे फार आवडले. आपल्या विचाराला धरूनही आहे. याचा छोटा अवतार आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळेत पंचवीस टक्के जागा दुर्बल घरच्या मुलांना द्यायच्या आणि त्यांचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. त्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. म्हणजे जागा आहेत, पण वाडीवरच्या बापाला ऑनलाइन फॉर्मची तारीख कळते तोवर ती गेलेली असते.

मोठा अवतार चिली देशात झाला. तिथे १९८१ पासून मुलामागे पैसा जायला लागला. शाळा पुष्कळ निघाल्या. पण नावाजलेल्या शाळांनी लेकरे निवडून घ्यायला आणि वर फी लावायला सुरुवात केली. गरिबाची पोरे उरलेल्या शाळांत गोळा झाली. शेवटी २०१५ साली त्यांना निवडीवर आणि वरच्या फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. म्हणजे आपण शाळा निवडतो असे वाटते आणि प्रत्यक्षात शाळा आपले लेकरू निवडते. या योजनेला आमचा विरोध नाही. निवडणुकीचा वचननामा समजून तिच्यावर भाळू नये एवढेच.

जे आज दाखला इकडचा तिकडे करणार आहेत त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आमच्यातल्या एकाची फी दोन हप्ते थकली. पाऊस लांबला होता. पोराला सरकारी शाळेत घालायचे ठरवले तर खाजगी शाळेने दाखला अडवला. हा माणूस तीन महिने खेटे घालत राहिला आणि पोरगं घरी. कायदा असा की आठवीपर्यंतच्या लेकराचा दाखला मागताच द्यायला पाहिजे, आणि दाखला नाही म्हणून दुसरी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, वयानुसार त्या वर्गात घ्यावेच लागते. प्रवेशाला लेकराची किंवा आईबापाची मुलाखत घेता येत नाही, देणगी घेता येत नाही. हे त्याला माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते. सातबारा कोणी अडवला असता तर आम्ही तहसीलवर बसलो असतो.

आता आमच्या अंगावरचे. गुरुजी गावात राहत नाहीत ही आपली नेहमीची तक्रार. सकाळी नगरहून किंवा बीडहून निघतात, शाळा सुटायच्या आधी घड्याळाकडे बघतात. पण घरभाडे भत्त्यासाठी 'शिक्षक मुख्यालयी राहतात' असा ग्रामसभेचा ठराव लागतो. तो ठराव देतो कोण? आपणच. गुरुजी चहा पाजतात, सरपंच सही करतो, आपण हात वर करतो. त्या वेळी हात बरे वर होतात! शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश आईबाप आणि निम्म्या बायका असायला हव्यात. आमच्यापैकी चौघे अशा समितीवर आहेत. शेवटची सभा कधी झाली, असे एकमेकांना विचारले तर एकालाही सांगता येईना. रजिस्टर घरपोच येते, सही होते. आणि ज्याचे पोरगं पिवळ्या गाडीत गेले तो समितीतूनही मनाने गेला. गावात बोलणारी, भांडणारी, अर्ज लिहिणारी जी चार घरे होती तीच आधी गेली. मागे राहिली ती विचारू न शकणारी. शाळा बिघडली म्हणून आम्ही गेलो, आणि आम्ही गेलो म्हणून ती आणखी बिघडली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेश सरकारला सांगितले होते की सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश या सगळ्यांची लेकरे सरकारी शाळेत जातील अशी व्यवस्था करा. ती व्यवस्था काही झाली नाही. आमच्यातल्या एकाने हा निकाल मोठ्या जोरात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्याचा त्यालाच हसू आले, कारण मग चळवळीच्या कार्यकर्त्यांचे काय? कार्यकर्त्याने लेकरू झेडपीतच घालावे अशी सक्ती करायची, असे दोघांचे म्हणणे पडले. आम्हा बाकीच्यांना ते पटले नाही. पुढारपण बापाचे, त्याची किंमत लेकराने का मोजावी? ज्या शाळेत सहा महिने गुरुजी नाहीत तिथे तत्त्वासाठी लेकरू बसवणे हा त्या लेकरावर अन्याय आहे.

पण आमच्यातल्या तिघांनी येत्या जूनला पोरे गावच्या शाळेत परत आणायचे ठरवले आहे. शिकवण्यात आपल्याला फरक सापडला नाही आणि तीन एकर मोकळे होतात, असा त्यांचा सरळ हिशोब आहे. त्यातल्या दोघांना घरातून विरोध आहे. तो मिटला की नाही ते जूनमध्ये कळेल. एकाने मुलीलाही मुलाबरोबर पिवळ्या गाडीत बसवायचे ठरवले आहे. एक बैल विकून. त्याच्याशी आम्ही वाद घातला नाही.

तो अडकलेला ठराव आम्ही बदलून पुन्हा मांडणार आहोत. 'शाळा वाचल्याच पाहिजेत' हे वाक्य काढले. त्याऐवजी मागणी अशी: पट कितीही असो, पहिली ते चौथीला दोन शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाबाहेरचे, म्हणजे जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसरे काम शिक्षकाला सांगायचे नाही. आणि गुरुजी गावात राहत नसतील तर कोणत्याही गावाने मुख्यालयाचा ठराव द्यायचा नाही. शेवटचे कलम सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे, आणि बैठकीत सर्वात जास्त गोंधळ त्यावरच होईल अशी आमची अटकळ आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत. गावातली पहिली ते चौथीची लेकरे किती, त्यातली गावच्या शाळेत किती आणि बाहेर किती, मुली वेगळ्या मोजून. आणि चौथीतल्या किती लेकरांना पेपरातल्या चार ओळी वाचता आल्या, दोन्हीकडच्या. शिक्षकांना विचारून लिहू नका. लेकरांना समोर बसवून लिहा. त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी त्यांच्या वाडीचे आकडे आधीच दिले आहेत. वाडीवर सतरा लेकरे, गावच्या शाळेत अकरा, त्यात मुली आठ. चौथीत तिघी. वाचता येते एकीला.